जिभेची नोंद

नवा साचा दातांवर चढवून उज्ज्वलाबाईंनी आरशात पाहिलं आणि हाक मारली, "शमशाद!"

ऐकू आलं, "थमथाद!"

खाली सतरंजीवर ब्लाउजला हूक लावत बसलेल्या शमशादनं सुई थांबवली. "घ्या. आज पुन्हा थमथाद. आता दोन दिवस मला हाक मारू नका वहिनी, गिऱ्हाइकं हसतात."

"हथू देत," उज्ज्वलाबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

ऋचा दाराशी बूट काढत हे ऐकत होती. ती रविवार गाठून पुण्याहून कराडला आली होती. सोमवार पेठेतलं हे घर म्हणजे पुढच्या खोलीत हेंद्र्यांचं, म्हणजे आईचं, ब्लाउज शिवण्याचं दुकान आणि मागे स्वयंपाकघर. वडील गेल्यापासून आई इथे एकटीच राहत होती. दिवसभर शमशाद मावशीची सोबत असे. हूक आणि काज ही मावशीची खाती, बाकी सगळं आईचं.

"आ कर," ऋचा म्हणाली आणि मोबाइलचा दिवा आईच्या तोंडात धरला.

चाळीस वर्षं आईनं टाचण्या ओठांत धरल्या होत्या आणि दोरा दातांनी तोडला होता. वरचे पुढचे दात हळूहळू बाहेर झुकले होते आणि मधल्या दाताच्या कडेला दोऱ्यानं बारीक खाच पाडली होती. हिरड्या सैल झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आत्ता दात सरळ केले तर टिकतील, नाहीतर कवळी करावी लागेल. म्हणून हे पारदर्शक साचे आले. आई त्यांना काचेचे दात म्हणे. प्रत्येक साचा आधीच्यापेक्षा केसभर वेगळा असतो आणि दातांना तेवढंच ढकलतो. पहिले दोन दिवस दात ठणकतात, जीभ अडखळते, मग सवय होते. तोवर पुढच्या साच्याची वेळ येते.

"ठणकतंय?"

"ठणकायचंच की. पण त्याचं काही नाही. चहाचे हाल झालेत. काढा, चहा प्या, चूळ भरा, ब्रश करा, पुन्हा चढवा. निम्मा चहा सोडून दिला मी."

"चांगलं झालं की."

"तुझ्या दृष्टीनं."

"टाचण्या तोंडात धरत नाहीस ना?"

आईनं डावा हात वर केला. मनगटावर ऋचानंच आणून दिलेली चुंबकाची पट्टी होती आणि पट्टीला टाचण्या चिकटल्या होत्या. "बघ. तुझा दागिना."

शमशादनं मान खाली घालून पुढचा हूक टाचला.

जेवताना आईनं साचा काढून डबीत ठेवला. पूर्वी ती तो कापडाच्या तुकड्यात गुंडाळायची. एकदा तो कातरणांबरोबर पोत्यात गेला आणि दोघी बायकांनी अख्खी दुपार पोतं उपसण्यात घालवली. शमशाद अजून तो किस्सा गिऱ्हाइकांना रंगवून सांगे, आणि प्रत्येक वेळी पोतं आणखी मोठं होई.

जेवण झाल्यावर ऋचा निघाली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत बैठक होती. आई हातात अर्धवट बाही घेऊन दारापर्यंत आली. उंबऱ्यावर दोघी क्षणभर थांबल्या. दोघींना काहीतरी बोलायचं असावं असा तो क्षण होता. निदान ऋचाला तरी होतं.

"पाण्याची बाटली घेतलीस?" आईनं विचारलं.

"घेतली. पुढच्या रविवारी येते."

"कामाचं बघ आधी. नाही जमलं तर नको धावपळ करूस."

"येते."

"ये."

सोमवारी सकाळी शमशाद कामाला आली तेव्हा मशीनचा दिवा चालूच होता आणि उज्ज्वलाबाई मशीनवर डोकं टेकून बसल्या होत्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. इस्पितळानं ऋचाच्या हाती एक पिशवी दिली. तिच्यात दोन बांगड्या, एक घड्याळ आणि साचा होता.

*

साचा दिसायला साधा होता, पण साधा नव्हता. त्याच्या टाळूकडच्या बाजूला केसापेक्षा पातळ असा संवेदकांचा पापुद्रा होता, आणि तो ऋचाच्या प्रयोगशाळेत बनला होता.

सुरुवातीला त्याचा हेतू अगदी मर्यादित होता. काही माणसांची जीभ गिळताना आणि बोलताना दातांना आतून रेटा देते. साचा दात आत ढकलतो, जीभ बाहेर ढकलते आणि उपचार लांबत जातात. हा रेटा कुठे आणि किती बसतो ते डॉक्टरांना कळावं म्हणून पापुद्रा जिभेच्या प्रत्येक स्पर्शाची नोंद ठेवत असे.

या नोंदी चाळताना एक गोष्ट लक्षात आली. जीभ कधी गप्प बसत नाही. माणूस मनात वाचतो, मनात हिशेब करतो, मनातल्या मनात भांडतो, तेव्हा आवाज फुटत नाही, पण जीभ त्या अक्षरांच्या जागेकडे किंचित सरकते. त चा स्पर्श दातांमागे आणि ट चा टाळूवर, असा प्रत्येक अक्षराचा ठसा वेगळा. ज्यांचं स्वरयंत्र कर्करोगात काढून टाकलं होतं, अशा माणसांना साचे बसवून प्रयोग झाले. ते नुसती जीभ हलवत आणि खिशातलं यंत्र बोले. चार वर्षं मुका असलेला एक रिक्षावाला पहिल्यांदा यंत्रातून "मीटरप्रमाणे" म्हणाला, तेव्हा अख्खी प्रयोगशाळा रडली होती.

यंत्राचे दोन भाग होते. पहिला भाग जिभेच्या ठशांवरून अक्षरांचा अंदाज करी. पण ठसे पुसट असत, म्हणून दुसरा भाग लागे. त्याला मराठी येत होती. गोंगाटात अर्धवट ऐकलेलं वाक्य आपण जसं मनानं पुरं करतो, तसा तो पुसट अक्षरांतून सगळ्यांत संभवनीय वाक्य निवडे. शिवाय तो त्या त्या माणसाचं रोजचं बोलणं ऐकून ऐकून त्याच्या लकबीही शिके. हा दुसरा भाग ऋचानं बांधला होता, आणि आपली आई साचा वापरते म्हटल्यावर तिनं त्याला आईचं बोलणंही शिकवून ठेवलं होतं. शब्दशः सांगायचं तर यंत्राला तिची आई शिकवली होती.

आईच्या नोंदी डॉक्टरांच्या कपाटात बंद राहणार, असं तेव्हा ठरलं होतं. आई असेपर्यंत ऋचानं ते पाळलं.

"बघू नकोस," प्रकल्पप्रमुख अद्वैत बर्डे म्हणाला. "सर्जन घरच्यांवर सुरी चालवत नाही. त्याला कारण असतं."

"वारस म्हणून मला हक्क आहे."

"हक्क आहेच गं. मी शहाणपणाचं बोलतोय."

तिनं नोंद उघडली.

आधी नुसती मापं होती. छाती अडतीस, बाही दहा, मुंढा सोळा. मापांमागून मापं, पानंच्या पानं. मध्येच देवाचं नाव, मध्येच भाजीची यादी. मग एका गिऱ्हाइकासमोर उमटलेलं आणि तोंडाबाहेर न पडलेलं वाक्य आलं : 'मापाचा ब्लाउज एक देते आणि अंग दुसरंच घेऊन येते बया.' ऋचा मोठ्यानं हसली. आई गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. आईच्या तोंडून उलट उत्तर असं तिनं कधी ऐकलंच नव्हतं. लोक म्हणत, उज्ज्वलाबाई म्हणजे गरीब गाय. आणि ही गाय आतल्या आत कोणाकोणाला शिंगावर घेत होती!

मग तो रविवार आला. ऋचा दारातून बाहेर पडली ती वेळ तिला ठाऊक होती. त्यानंतर थोड्याच वेळात नोंदीत एक वाक्य उमटलं होतं.

'जाऊ नको.'

त्याखाली पुन्हा तेच. मग थोडी शांतता, मग पुन्हा. दुपारभर, दिवेलागणीपर्यंत आईची जीभ आवाज न करता तेच म्हणत राहिली होती. जाऊ नको. जाऊ नको गं. जाऊ नको.

यंत्र प्रत्येक वाक्याशेजारी आपली खात्री दाखवत असे. या वाक्याशेजारची खात्री सबंध नोंदीत सगळ्यांत जास्त होती.

*

माणूस अपराधाच्या ओझ्यानं मोडतो असं म्हणतात. ऋचा मोडली नाही. ती त्या वाक्याभोवती राहू लागली.

यंत्राला आईच्या आवाजात बोलता येत होतं. एकदा तिनं ते वाक्य ऐकलं. मग रोज ऐकू लागली, कामाला जाताना, दाराशी, बूट घालण्याआधी. हळूहळू तिचं निघणंच थांबलं. मैत्रिणींकडे जाणं संपलं. बंगलोरला नवी प्रयोगशाळा उभी राहत होती. तिथली जागा तिच्यासाठीच राखली होती, ती तिनं नाकारली.

"आईनं नको म्हटलंय का?" बर्डेनं चेष्टेत विचारलं आणि तिचा चेहरा बघून तो ओशाळला.

तिला जे टोचत होतं ते त्या एका दुपारपुरतं नव्हतं. पुण्याला तिनं मुद्दाम दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. दुसऱ्या खोलीत उत्तरेचा उजेड येई, आणि शिवणाला उत्तरेचा उजेड लागतो हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण आईला 'ये' असं ती म्हणाली नाही. आईचं दुकान आहे, गिऱ्हाइकं आहेत, शमशाद मावशी आहे. तिला यायचं असेल तर म्हणेल की. आपण विचारलं आणि ती केवळ नको म्हणवत नाही म्हणून आली तर? आपण विचारलं आणि ती नको म्हणाली तर? अशी वर्षं गेली. माणसं जे बोलत नाहीत ते ऐकणारं यंत्र बांधायला तिला सहा वर्षं लागली. तोंडानं विचारायला एक घोट पाण्याइतकाही वेळ लागला नसता.

आता निदान उत्तर तरी मिळालं होतं. आईला ती हवी होती. फार उशिरा मिळालं, पण मिळालं होतं.

याच सुमारास साचे विकणाऱ्या कंपनीनं नवी सेवा काढायची ठरवली. साचे वापरणारी हजारो माणसं होती. त्यांतलं कोणी गेलं तर त्याच्या न बोललेल्या शब्दांची नोंद घरच्यांना द्यायची. नावही ठरलं होतं, 'अखेरची नोंद'. बर्डेला ते पटत नव्हतं. कंपनीनं ऋचाचं मत मागितलं, कारण तिनं ते स्वतः अनुभवलं होतं. तिनं लिहून दिलं : 'ही नोंद दुःख देते, पण खोटं बोलत नाही. घरच्यांना ती मिळावी.'

*

दिवाळी जवळ आली तसे शमशादचे फोन येऊ लागले. गिऱ्हाइकांची कापडं दुकानात अडकली होती. कोणाचं लग्न होतं, कोणाचं डोहाळजेवण.

"तू ये पोरी. तुझ्यासमोर एकेक गठ्ठा देते. नंतर कोणी म्हणायला नको, शमशादनं पैठणी गिळली."

ऋचा कराडला गेली. दुकान उघडल्यावर खडूचा आणि नव्या अस्तराचा वास आला. दोघी खाली बसून गठ्ठे वेगळे करू लागल्या. शमशादला प्रत्येक कापडाची मालकीण पाठ होती, आणि मालकिणीचा स्वभावही.

"ही जांभळी देशपांड्यांची. गळा मोठा शिवा म्हणायची आणि सासू आली की लहान करा म्हणायची. वहिनींनी शेवटी दोन्ही शिवून दिले."

मशीनच्या खणात कात्रीखाली चुंबकाची पट्टी सापडली. ऋचानं ती हातात घेतली. इतके महिने वापरलेली पट्टी, पण तिच्यावर एक चरा नव्हता. बक्कल नव्यासारखं ताठ होतं.

"मावशी, आई ही रोज घालायची ना?"

शमशाद गठ्ठ्याला गाठ मारत राहिली.

"मावशी."

"आता काय लपवायचं तुझ्यापासून. तू यायच्या दिवशी घालायची. तुझी गाडी वळली की काढून खणात. म्हणायची, मनगटावरनं टाचणी घ्यायला नजर खाली न्यावी लागते, बाही सरकते. तोंडातली टाचणी न बघता हाताला येते. मीच म्हणायचे, वहिनी, पोरीला कळलं तर? त्या म्हणायच्या, दात सरळ होतायत ना, मग झालं तर."

"त्या रविवारी?"

"त्या रविवारी तू गेलीस आणि आम्ही मोहित्यांच्या लग्नाचे ब्लाउज घेतले. सहा ब्लाउज होते. मी घरी गेले तरी त्यांच्या तोंडात टाचण्या होत्याच."

ऋचानं पिशवीतून साचा काढला. आई गेल्यापासून ती तो बरोबर बाळगत असे, पण तिनं त्याच्याकडे तंत्रज्ञाच्या नजरेनं पाहिलं नव्हतं. आता ती तो दारातल्या उजेडात घेऊन गेली. पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिथे जिभेचं टोक टेकतं तिथे, बारीक ओरखडे होते. एकावर एक, शेकडो.

मग ती आत आली. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचे साचे केलेले होते, तिचाही होता आणि तो पिशवीतच होता. तिनं तो दातांवर चढवला, मोबाइलवर आईचं बोलणं शिकवलेलं यंत्र सुरू केलं आणि मशीनसमोर आईच्या स्टुलावर बसली.

"काय करतेस गं?"

"एक बाही लावून बघते. टाचण्या द्या."

लहानपणी तिनं हे शेकडो वेळा पाहिलं होतं. मूठभर टाचण्या ओठांत, डोकी आत. एक टाचणी लावून झाली की जीभ दुसरीला पुढे ढकलते. ती चुकतमाकत बाहीला टाचण्या लावू लागली. तोंडात लोखंडाची चव पसरली. पहिल्या दोन-तीन टाचण्यांना पडद्यावर काहीच उमटलं नाही. मग हाताला लय सापडली. जीभ वर, पुढे, मागे. वर, पुढे, मागे.

पडद्यावर अक्षरं आली.

'जाऊ नको.'

तिनं पुढची टाचणी घेतली.

'जाऊ नको गं.'

यंत्राचा दोष नव्हता. त्याला निरर्थक असं काही सुचतच नव्हतं, तसं तिनंच त्याला घडवलं होतं. जिभेनं काहीही केलं तरी त्यातून वाक्य शोधायचं, आणि ते आईच्या बोलण्यातलं असायला हवं. टाचण्या एका लयीत पुढे सरकत होत्या म्हणून ठसे एकसारखे पडत होते, आणि एकसारखे पडत होते म्हणून त्याची खात्री वाढत होती.

"आई हे कोणाला म्हणायची? जाऊ नको गं?" तिनं टाचण्यांमधूनच विचारलं.

"मला," शमशाद म्हणाली. "रोज. संध्याकाळी मी पिशवी उचलली की म्हणायच्या, जाऊ नको गं, चहा टाकते."

ऋचानं टाचण्या ओठांतून काढून टेबलावर ठेवल्या. तिला वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. आईनं तिला थांबवलं नव्हतं, ती आईला टाकून गेली नव्हती. आई त्या दुपारी तिचा विचारही करत नसेल कदाचित. मोहित्यांच्या बाह्यांचा करत असेल. क्षणभर खरंच हलकं वाटलं. आणि मग कळलं, की ते वाक्यही गेलं. ते तिला रोज कापत होतं, पण आईकडून आलेलं तेवढंच तिच्याकडे होतं.

तिनं बर्डेला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"अखेरची नोंद थांबव. माझं मत मी मागे घेतेय. आजच लिहून देते."

"लोक विचारतील, तुझ्या आईच्या वाक्याचं काय."

"ते टाचण्यांचं होतं म्हणून सांग."

"आणि बाकीचं? ती मापं, ते गिऱ्हाईक, बया वगैरे?"

"माहीत नाही, अद्वैत. खरं असेल. कदाचित तेही मीच शिकवलेलं असेल. आता कळायला मार्ग नाही."

फोन ठेवून ती शमशादजवळ सतरंजीवर बसली. बाहेर शाळा सुटली होती. शमशादनं शेवटच्या गठ्ठ्याला गाठ मारली आणि पदरानं हात पुसले.

"मावशी, आई माझ्याकडे राहायला येण्याविषयी कधी काही म्हणाली?"

"नाही बाई."

"कधीच नाही?"

"आम्ही ब्लाउजाचं बोलायचो पोरी. मनातलं बोलायला सवड कुणाला होती?" शमशादनं तिच्याकडे पाहिलं. "तू विचारलं होतंस का?"

ऋचानं मान हलवली. नाही.

शमशादनं समोरची परकराची नाडी ओढून सरळ केली आणि उगाचच घडी घातली.

ऋचानं बोट घालून दातांवरचा साचा सोडवला, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, आणि बाजूला ठेवला. मोबाइलवरचं यंत्र बंद केलं. जीभ दातांवरून फिरवली. तोंडात नुसतं तोंड होतं. मग तिनं मान वर केली आणि समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहून, शेजारी शमशाद मावशी आहे, दार उघडं आहे, गल्लीतून माणसं जातायत, याची काही पर्वा न करता चांगल्या मोठ्या आवाजात ती बोलली :

"आई, माझ्याकडे राहायला चल. तुझ्यासाठी म्हणत नाहीये मी. मला एकटीला जेवण जात नाही."